जुनी ऑटोमॅटिक, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दणका. बॉक्स उतरवायचाच का?

वाकडेवाडीकर

मंडळी, गाडी बाबांची आहे. २००९ची सेदान, १.८ पेट्रोल, चार गिअरचा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक बॉक्स, मीटरवर १ लाख १८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा "मी तेव्हाच सांगत होतो" या वळणावर जातो आणि तिथून परत येत नाही.

त्रास असा. थंड असताना गाडी लोण्यासारखी चालते. ट्रॅफिकमध्ये वीस-पंचवीस मिनिटं झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नुसतीच रेस उठते. काटा २२०० वरून ३००० वर जातो, गाडी आहे तिथेच, आणि मग पाठीत लाथ बसावी तसा गिअर पडतो. गेल्या महिन्यात वाईला जाताना खंबाटकीच्या चढाला तर कहर झाला. धाडकन दणका बसला आणि त्यानंतर गाडीत दमच राहिला नाही. सुरूर फाट्यापर्यंत रडतखडत पोचलो, चहाला थांबलो. चहा घेऊन गाडी चालू केली तर काही घडलंच नाही अशा थाटात पळायला लागली.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच सांगितलं, "बॉक्स गेला. क्लचच्या प्लेटा संपल्या. ओव्हरहॉल १ लाख ४० हजार." अख्ख्या गाडीचे आज दोन-सव्वादोन लाख आले तरी नशीब म्हणायचं. ऑईल बघितलं का विचारलं तर डिपस्टिक काढून दाखवली, लेव्हल बरोबर होती. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. क्लचची गाडी त्यांना जमणार नाही. म्हणून "विकून टाका" हा सल्ला कृपया सगळ्यात शेवटी द्या.

विकूनटाक_राव

आता मी काय लिहू? आयडीच असा घेऊन बसलोय. वाचतोय.

नवशिक्या_चालक

माझीही ऑटोमॅटिक आहे, २०१९ची. गिअर पडताना मान हलते. शोरूमवाले म्हणाले क्लच शिकवून घ्या, कॉम्प्युटर लावून अर्ध्या तासात करतात. तुम्हीही करून बघा.

खडूस_मास्तर

नवशिक्या, तुमची बहुधा एएमटी आहे. ती वेगळी जात. एएमटी म्हणजे साधाच हाताचा गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र. आपल्याकडे ती २०१४ मध्ये सेलेरिओतून आली. तिचे उपाय वाकडेवाडीकरांच्या गाडीला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचणं.

यांच्या बॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे मधे तेल. एक पंखा तेल फेकतो, त्या तेलाने दुसरा फिरतो. मागे ग्रहचक्रं, म्हणजे एका दातेरी चाकाभोवती फिरणारी छोटी दातेरी चाकं, आणि त्यांचा कुठला भाग धरायचा, कुठला सोडायचा हे ठरवणारे क्लचचे गठ्ठे. ते गठ्ठे तेलाच्या दाबाने आवळले जातात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं तर एकाने सोडायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने धरायचं. सर्कशीतल्या झोक्यासारखं आहे. धरणारा उशिरा आला तर मधल्या वेळात कोणीच धरलेलं नसतं, म्हणून रेस उठते. उलट, सोडणाऱ्याच्या आधीच धरणाऱ्याने पकडलं तर दोघांची ओढाताण होते आणि गाडीला ब्रेक लागल्यासारखं वाटतं. तुमची केस पहिली. धरणारा उशिरा येतोय.

आता तो का उशिरा येतो, याची कारणं शंभर रुपयांपासून लाखापर्यंत आहेत. गरम झाल्यावरच होतं याचा अर्थ दाब कमी पडतोय. तेल तापलं की पातळ होतं, कडक झालेल्या सीलांमधून निसटतं. आणि तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही.

प्रश्न एकच. ती डिपस्टिक काढली तेव्हा इंजिन चालू होतं की बंद?

हात_काळे

मास्तरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी कोल्हापूरचा, बावीस वर्षं बॉक्सच खोलतोय. भाऊ, तुमच्या लिहिण्यात दोन रोग हायत आणि तुम्ही आणि गॅरेजवाला दोघंबी त्याला एकच समजताय.

एक, गरम झाल्यावर रेस उठणं. दोन, घाटात दणका बसून दम जाणं आणि बंद-चालू केल्यावर सरळ होणं. हे दुसरं बघा. घासलेली प्लेट चहा पिऊन बरी होत न्हाई. किल्ली फिरवल्यावर जे बरं होतं ते बहुतेक वेळा वायरीचं किंवा कॉम्प्युटरचं दुखणं असतं. कॉम्प्युटरला एखाद्या सेन्सरचा भरवसा वाटेना झाला की तो सगळे सोलेनॉइड, म्हणजे तेलाच्या वाटा उघडणारे विजेचे व्हॉल्व्ह, सोडून देतो, बॉक्स एकाच गिअरवर अडकून राहतो. चार गिअरवाल्या बऱ्याच गाड्यांत तो तिसरा असतो. म्हणून चढाला दम न्हाई. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत घरी जा म्हणून. बंद करून चालू केली की कॉम्प्युटर परत पहिल्यापासून तपासतो आणि सेन्सर दिसला तर गिअर देतो.

एडिसनची_काकू

हात_काळे दादा, एक शंका. ते चहाला थांबले होते. वीस मिनिटांत तेलही थोडं निवलं असेल. मग किल्लीने बरं झालं की गार झाल्याने, हे कसं ठरवणार?

मी न्यू जर्सीत असते. माझी २००५ची गाडी अजून ड्राइव्हवेमध्ये मीच दुरुस्त करते, मजुरीचे दर ऐकून आपोआप मेकॅनिक झाले.

हात_काळे

काकू, शंभर टक्के बरोबर. म्हणून पुढच्या वेळी असं झालं की कडेला घ्यायची, दहा सेकंद बंद, लगेच चालू. तेल तेवढ्यात निवत न्हाई. सरळ झाली तर वायर. न्हाई झाली तर आतलं.

आणि भाऊ, दणका बसल्यावर डॅशबोर्डवर कुठला दिवा लुकलुकतो का ते बघा. चेक इंजिनचा न्हवं, दुसरा.

वाकडेवाडीकर

तीन दिवसांनी लिहितोय, पण बरंच हाती लागलं.

१. गॅरेजवाल्याने डिपस्टिक काढली तेव्हा इंजिन बंद होतं. गाडी रात्रभर उभी होती.

२. काल सासवडला दिवे घाटाने गेलो. मुद्दाम. चढाला दणका बसला, दम गेला. कडेला घेतली, बंद केली, मनात दहा मोजले, चालू केली. एकदम सरळ!

३. दिवा. बाबांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "तो 'ओ/डी ऑफ'चा ना? लुकलुकतो अधूनमधून. मला वाटलं माझाच हात बटणाला लागतो. मी बटण दाबून गप्प करतो." (ओ/डी म्हणजे ओव्हरड्राइव्ह, सगळ्यात वरचा गिअर; तो बंद करायचं हे बटण.) किती दिवस? "झाले असतील सहा-आठ महिने."

मी कपाळाला हात लावून बसलोय.

खडूस_मास्तर

बाबांना माझा नमस्कार सांगा. या पिढीच्या कितीतरी गाड्यांत बॉक्सच्या कॉम्प्युटरला तक्रार असली की तो हाच दिवा लुकलुकवतो.

आता तेल. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये तेल मोजायचं ते गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून. ब्रेक दाबून पी पासून एल पर्यंत प्रत्येक खुणेवर दोन-दोन सेकंद थांबत जायचं, परत पी, आणि मग डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघायची. इंजिन बंद असलं की कन्व्हर्टर आणि नळ्यांतलं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि लेव्हल खोटी वर दिसते. तुमच्या गॅरेजवाल्याने तेच पाहिलं. (होंडाच्या बऱ्याच गाड्यांत उलट आहे. इंजिन गरम करून बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटात मोजायचं. म्हणून आधी मॅन्युअल उघडा, मग बॉनेट.)

एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर किंवा तपकिरी, आणि डाग पसरतोय, तर ठीक. काळा, मधेच गोळा होऊन बसलेला, जळका वास, तर प्लेटा जळाल्यात. स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखा गुलाबी दिसला तर गाडी चालवूच नका. रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरला भोक पडून पाणी आत शिरलंय, आणि पाण्याने प्लेटांवरचं अस्तर सुटतं.

लिंप मोडसाठी कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचून घ्या. जमलं तर स्टॉल टेस्टही करा: दोन्ही ब्रेक, डी, आणि पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ पूर्ण रेस. काटा मॅन्युअलपेक्षा बराच वर गेला तर आत घसरतंय.

हात_काळे

मास्तर, बाकी सगळं पटलं, पण स्टॉल टेस्ट सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायला सांगू नका हो. एक तर गाडी सुटली तर समोरची भिंत. दुसरं, पाच सेकंदांत तेल इतकं तापतं की कमी लेव्हल असलेल्या बॉक्सला ती टेस्टच शेवटची ठरायची. आधी लेव्हल बरोबर करा, मग काय ते बघू.

खडूस_मास्तर

मान्य. क्रम चुकला माझा. आधी लेव्हल.

गाडीप्रेमी_ठाणे

माझ्या ओळखीच्या गॅरेजात मशीनने प्रेशर फ्लश करतात, तासाभरात बॉक्स आतून चकाचक. एकदाचं करून मोकळे व्हा.

हात_काळे

करू नका. १ लाख १८ हजार चाललेल्या आणि कधी ऑईल न बदललेल्या बॉक्समध्ये तळाला गाळ बसलेला असतो. दाबाने धुतलं की तो गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल वाटून देणाऱ्या ठोकळ्याच्या, केसाएवढ्या वाटांत जाऊन बसतो. फ्लश करून दुसऱ्या दिवशी रिव्हर्स गेलेल्या गाड्या माझ्याकडे आल्यात. मग गाळ धुणाऱ्याला कोणी काही म्हणत न्हाई, "नवं ऑईल घातलं की बॉक्स जातो" अशी अफवा तेवढी उठते.

एडिसनची_काकू

मी केलं ते सांगते. बोल्ट काढून सोडलं की सगळं तेल निघत नाही. माझ्या गाडीत एकूण ७.५ लिटर मावतं, खाली पडतं ३.५, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकतं. म्हणजे एकदा बदललं तर ५३ टक्के जुनंच राहतं. हजारेक मैल चालवून दुसऱ्यांदा केलं की २८, तिसऱ्यांदा १५. हळूहळू, बॉक्सला न दचकवता.

आणि तेल तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं. पॉवर स्टिअरिंगचं लाल असतं, हेही लाल, म्हणून "एकच आहे ओ ताई" असं ऐकून घेऊ नका. घर्षणाचा गुणधर्म वेगळा असतो, लॉक-अपला, म्हणजे कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे थेट जोडले जातात तेव्हा, ५०-६० च्या वेगात गाडी थरथरायला लागते, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी.

कुंपणावरचा

वाचनखूण. माझ्या गाडीत हीच पट्ट्यांवरची थरथर आहे, मी आतापर्यंत टायर बदलत बसलो होतो.

एडिसनची_काकू

कुंपणावरचा, थरथर चालू असताना उजव्या पायाने रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलकं टेकवा, दिवा लागेल इतपतच. ब्रेकचा स्विच मिळाला की लॉक-अप सुटतं. थरथर त्याच क्षणी थांबली तर टायरचा संबंध नाही. मोकळ्या रस्त्यावरच करा हं.

वाकडेवाडीकर

बारा दिवस गायब होतो, क्षमस्व. क्रमाने सांगतो.

तेल. कात्रजपर्यंत जाऊन आलो, इंजिन चालू ठेवून मोजलं. डिपस्टिकच्या 'हॉट'च्या खालच्या खुणेलाही शिवलेलं नव्हतं, टोकाला जेमतेम ओलं. टिश्यूवर थेंब टाकला. बिनदुधाच्या चहासारखा तपकिरी, कडेने फिकट होत पसरला. वास तेलकट, जळका नाही. जीव भांड्यात पडला.

मग गेलं कुठे? गाडी वर घेऊन टॉर्च मारला तर उजव्या एक्सलच्या सीलभोवती धूळ आणि तेलाचा बोटभर जाड काळा थर. पार्किंगमध्ये थेंब दिसत नव्हता कारण सगळं त्या थरातच मुरत होतं.

कोड. ऑफिसातल्या मित्राचा ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर लावला, तो म्हणाला "एकही दोष नाही". मला तर आनंदच झाला होता. मग नाना पेठेजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने समजावलं की हे खेळणं फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतं, बॉक्सचा वेगळा आहे. त्याच्या मोठ्या स्कॅनरवर पी०७१७ निघाला. बॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा वेग सांगणारा सेन्सर, सिग्नल नाही.

सेन्सर बदलून टाकू म्हणालो. तो म्हणाला, "थांबा. आधी मीटरने बघू." सेन्सरचा ओहमचा आकडा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत होता. मग कॉम्प्युटरच्या बाजूच्या कपलरवर मीटर लावून मला वायरिंग हलवायला सांगितलं. एका ठिकाणी हलवलं की आकडा गायब, सोडलं की परत हजर.

बॅटरी काढली, तिचा ट्रे काढला. खाली शेंगदाण्याची टरफलं, सुतळीचा गुंता, आणि त्या गुंत्याच्या मधोमध वायरिंगचं काळं आवरण चार बोटं कुरतडलेलं. दोन वायरी उघड्या, त्यातली एक तीन-चार तारांवर लोंबत होती. उंदीर!

विकूनटाक_राव

१ लाख ४० हजारांचा उंदीर.

हात_काळे

वा. आता एक बघा. चढालाच का व्हायचं? बॉनेट उघडून कोणाला तरी समोरून बाजूला उभं करा, तुम्ही ब्रेक घट्ट दाबून डी, आर, डी असं करा. इंजिन किती उठतंय ते बघा.

वाकडेवाडीकर

दादा, तुम्ही ज्योतिषी आहात का? उठत होतं, चांगलं तीन बोटं. इंजिन धरणाऱ्या मागच्या माउंटिंगचा रबर आरपार फाटलेला. चढाला रेस दिली की इंजिन मागे कलायचं, वायरिंगला ओढ बसायची आणि त्या तीन-चार तारा सुटायच्या. सपाटीला परत चिकटायच्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला, दणक्यातला अर्धा दणका त्या माउंटिंगचाच असणार.

झालेली कामं: वायरी नुसत्या पीळ मारून टेप न गुंडाळता डाख देऊन, वर श्रिंक ट्यूब. माउंटिंग नवं. एक्सलचं सील नवं. चेंबर उघडून फिल्टर नवा, ठरलेल्या ग्रेडचं तेल. चेंबरमधल्या लोहचुंबकांवर काजळासारखा राखाडी लेप होता, बोटाने पुसला तर मऊ. फोटो काढलाय, हवा तर टाकतो.

सगळं मिळून १७ हजार ६००. यात दोन वेळा टो करून नेल्याचे पैसे नाहीत. हो, पहिल्या टोवाल्याने मागची चाकं उचलायला घेतली होती, मी अक्षरशः आडवा पडलो.

खडूस_मास्तर

बरं केलंत. पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर बॉक्स आतून फिरतो, पण इंजिन बंद म्हणून पंप बंद, तेल फिरत नाही. चालवून जितका खराब होणार नाही तितका ओढून होतो.

लेप मऊ होता म्हणजे ती नेहमीची झीज. चकचकीत कातळ्या किंवा तुकडे मिळाले असते तर मीच विकूनटाकरावांच्या बाजूने मत दिलं असतं. गरम झाल्यावरच्या रेसचं काय?

वाकडेवाडीकर

तेच सांगायचं राहिलं. लिंप मोड पूर्ण गेला, परत एकदाही नाही. दुसऱ्या-तिसऱ्यातली रेस खूप कमी झाली पण संपलेली नाही. आधी काटा ८०० ने वर जायचा, आता दुपारच्या उन्हात, तासभर ट्रॅफिकमध्ये काढला तर दीड-दोनशेने. सकाळी काहीच नाही.

हात_काळे

मग तेवढी झीज आत खरीच हाय. कमी तेलावर सहा-आठ महिने पळाली, त्याची किंमत. पण एवढ्यासाठी बॉक्स उतरवायची गरज न्हाई. दोन कामं करा. काकूंनी सांगितलं तसं हजार-दीड हजार किलोमीटरने ऑईल परत एकदा बदला. आणि बाबांना सांगा, ट्रॅफिकमध्ये गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्याला पाय किंचित सैल करा. दाब पकडायला त्याला तेवढाच वेळ पुरतो. काटा हजाराने वर जायला लागला तर मग माझ्याकडे आणा, तोवर न्हाई.

वाकडेवाडीकर

बाबा म्हणाले, "मी पहिल्यापासून पाय सैलच करतो, दाबतोस तो तू." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

परवा तेच चालवत वाईला गेले, मी शेजारी. खंबाटकीला माझी नजर दिव्यावर, त्यांची रस्त्यावर.

कुंपणावरचा

ब्रेकला टेकवून बघितलं. थरथर तिथल्या तिथे थांबली. चार टायर फुकट घेतले. वेगळा धागा काढतो.

नवशिक्या_चालक

उंदरासाठी काय केलंत ते कोणीच विचारलं नाही. बॅटरीच्या ट्रेखाली तंबाखूच्या पुड्या ठेवतात म्हणे?

वाकडेवाडीकर

ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी पुडी रिकामी होती. आता रोज रात्री बॉनेट अर्धवट उघडं ठेवतो, वॉचमनकाका येता-जाता टॉर्च मारतात.